डॅनिश वहिनी, जुन्या कादंबऱ्या आणि खिडकीतला कप : घरात असं वाचन करायचं कसं

आमची वहिनी डेन्मार्कची. दादा शिकायला म्हणून आरहूसला गेला तो तिकडचाच झाला, आणि आता दर डिसेंबरला तिघं कोल्हापूरला येतात, दादा, वहिनी आणि चौदा वर्षांची पुतणी. पहिले दोन दिवस तांबडा-पांढरा, तिसऱ्या दिवशी पोट बिघडणार, चौथ्या दिवशी दहीभात, आणि पाचव्या दिवसापासून प्रश्न की आता पोरीला करायचं काय. अंबाबाई झाली, रंकाळा झाला, पन्हाळा दोनदा झाला, गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध पिऊन फेसाच्या मिशांचे फोटो झाले. मग चार वर्षांपूर्वी कंटाळून आम्ही एकत्र वाचायला बसलो. एक कादंबरी तिकडची, एक इकडची. ते आता दरवर्षीचं झालंय आणि ओळखीतले दोन-चार जण विचारतात की हे नक्की करता कसं, कारण त्यांच्याही घरात सून नाहीतर जावई बाहेरचा आहे, कुणाची केरळची, कुणाचा पंजाबी. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. डेन्मार्कच्या जागी तुमचं जे काय असेल ते घाला.

आधीच सांगतो, पुस्तकं वाचली की माणूस आपोआप सुधारतो यावर माझा काडीचा विश्वास नाही. कॉलेजला असताना झोंबी वाचून मी ढसाढसा रडलोय. आपल्या कागलची गोष्ट, आनंद यादवांची स्वतःचीच, बाप पोराला शाळेतनं काढून मळ्यात जुंपतो आणि ते पोर शिकण्यासाठी जिवाचं रान करतं. रडून झालं, तोंड धुतलं आणि गल्लीच्या टोकाला टपरीवर गेलो, तिथं दहा-अकरा वर्षांचा पोरगा कप विसळत बसला होता, त्याला म्हणालो, ए बारक्या, दोन चहा आण पटकन. रडणं खरं होतं आणि ती हाकपण खरीच होती, दोन्हीची गाठ कुठं पडली नव्हती एवढंच. आणि ती पडली नव्हती हे कळायलाच मला वीस वर्षं लागली. खाली जे सांगतोय ते सगळं ती गाठ मारायची खटपट आहे.

पुस्तक निवडताना पहिली चूक होते ती म्हणजे लोक चांगलं पुस्तक निवडतात. लाडकं निवडा. ज्याच्याबद्दल घरात सगळे आहाहा करतात आणि शेवटचं कधी वाचलं ते कुणालाच आठवत नाही, तसलं. अशा पुस्तकाची आपण डोक्यात एक आठवण करून ठेवलेली असते आणि त्या आठवणीत आपण स्वतः फार चांगले असतो. पुन्हा वाचलं की ती आठवण कुठं कुठं फसवी आहे ते दिसायला लागतं.

वहिनीचं लाडकं म्हणजे मार्टिन अँडरसन नेक्सोची पेलेची कादंबरी, चार भागांची, १९०६ ते १९१० मध्ये आलेली. म्हातारा लासे आणि त्याचं पोरगं पेले, दोघं स्वीडनहून बोटीनं बॉर्नहोम बेटावर येतात पोट भरायला, आणि एका मोठ्या शेतावर गुरांमागं लागतात. नेक्सो स्वतः लहानपणी त्याच बेटावर गुरं राखायचा, नंतर जोडे शिवायला शिकला. इंग्रजी भाषांतर जुनं आहे त्यामुळं नेटवर फुकट मिळतं. चारी भागांच्या नादाला लागू नका, पहिला घ्या, तोच भारी आहे. आमच्या बाजूनं मी झोंबी ठेवलं. जोडी लावताना विषय बघत बसायचं नाही, माणसं जुळतात का बघायचं. दोन्हीकडं बाप, पोरगं आणि जनावरं, बास. आणि मग फरक आपोआप वर येतो, कारण लासे मायाळू आहे पण हातात काही नाही त्याच्या. शेतावरचा एक शिकाऊ पोरगा पेलेला चाबकानं फोडून काढतो, लासे म्हणतो बघतोच त्याला, आणि समोर गेल्यावर शेपूट घालतो. झोंबीतला बाप एकदम उलटा, घरात वाघ. आमची आई पलंगावर शेंगा सोलत ऐकत होती, ती म्हणाली, "ह्यो बाबा जीव लावतोय खरा, पर उपयोग काय त्येचा." पुढं पाऊण तास याच्यावरच गेला, की जीव लावणारा दुबळा बाप बरा का मारणारा खमका बाप बरा, आणि दादा अचानक गप्प झाला. का झाला ते इथं लिहीत नाही.

वाचायचं मोठ्यानं. रोज वीस पानं, जेवणाच्या आधी, जेवणानंतर घोरायलाच लागतात सगळे. इंग्रजी मी वाचतो आणि मध्ये मध्ये आईसाठी मराठीत सांगतो, मराठी दादा वाचतो आणि पोरीला डॅनिशमध्ये सांगतो, त्यात निम्मं सांडतं, सांडू दे. मोठ्यानं वाचायची सवय वहिनीकडनं आली. तिकडं १८४४ मध्ये रॉडिंग नावाच्या गावात शेतकऱ्यांच्या पोरांसाठी राहायची शाळा निघाली, तिला फोक हायस्कूल म्हणतात, त्यामागं ग्रुंटविग नावाच्या पाद्र्याचा विचार होता. परीक्षा नाही, मार्क नाहीत, बोलायचं, ऐकायचं, गाणी म्हणायची. जिवंत शब्द, असं तो म्हणायचा. नेक्सोपण आस्कोवच्या अशाच शाळेत राहून गेलेला. हे ऐकल्यावर मला लगेच शाहू महाराजांची बोर्डिंगं आठवली, १९०१ चं मराठा बोर्डिंग, मग जैन, मुस्लिम, लिंगायत, १९०८ चं मिस क्लार्क. खेड्यातलं पोर शहरात आणून ठेवायचं आणि शिकवायचं, कल्पना तीच. पण आमच्या पोरांना परीक्षा पाहिजेच होती, कारण सरकारी नोकरीचं दार डिग्रीशिवाय उघडत नव्हतं आणि त्यासाठीच महाराजांनी १९०२ मध्ये ५० टक्के जागा राखून ठेवल्या. ज्याला कुणी दारातच अडवलेलं नाही त्याला परीक्षा नको म्हणणं परवडतं. वहिनीला हे पटलं, ती म्हणाली असा विचार कधी केला नव्हता. तरी ग्रुंटविगचं एक आम्ही घेतलंच, की वाचून झाल्यावर पोराला तात्पर्य विचारायचं नाही. यातनं काय शिकलीस असं विचारलं की पोरगी परीक्षेचं उत्तर देते आणि पुस्तक तिथंच मरतं.

त्याऐवजी पेन्सिल द्या हातात. खूण कुठं करायची तर जिथं आवडलं तिथं नाही, जिथं राग आला, लाज वाटली, नाहीतर पान उलटून पुढं पळावंसं वाटलं तिथं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं आपली एकच खूण दाखवायची. आणि मग मुख्य प्रश्न, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो म्हणजे यात मी कोण? नियम एकच, हिरोचं नाव घ्यायचं नाही.

पहिल्या वर्षी हा नियम नव्हता तेव्हा सगळेच पेले होते. मी पेले, दादा पेले, पोरगी तर पेलेच. नियम आल्यावर वहिनी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, आम्ही शाळेपासून हे पुस्तक आपलं म्हणून वाचतो, गरीब पण मानी डॅनिश माणसाची गोष्ट म्हणून, पण पेले तर स्वीडिश आहे ना. त्या पुस्तकात डॅनिश लोक शेताचे मालक आहेत, मुकादम आहेत, आणि त्याला स्वीडिश म्हणून चिडवणारी पोरं आहेत. आणि माझ्या पणजोबांचं शेत होतं, गडी होते. एवढं बोलून तिनं पेन्सिल खाली ठेवली. आता एवढ्यावर आपण गप्प राहून कसं चालेल, मग मी सांगितलं की झोंबीत मी तो पोरगा नाही, मी त्या बापाचा नातू आहे, कारण आमच्या आजोबांनी आमच्या आत्याला चौथीतनं काढलं होतं, म्हशी बघायला कुणी नाही म्हणून. आणि त्याच वर्षी आमचे वडील पाचवीत गेले. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण बोललं कधीच गेलं नव्हतं.

आता कपाची गोष्ट. कादंबरी रोज झेपत नाही, मधनं एखादी छोटी गोष्ट घ्यावी. अँडरसनच्या परीकथा सगळ्यांना माहीत असतात, कुरूप पिल्लू वगैरे, पण त्याची एक धोबिणीची गोष्ट आहे ती फार कमी लोक वाचतात. थंडगार नदीत उभी राहून ती लोकांचे कपडे धुते, ऊब यावी म्हणून पोराकरवी दारू मागवते, आणि गावातला बडा माणूस त्या पोराला ऐकवतो की तुझी आई काही कामाची नाही. शेवटी ती मरते आणि पोरगं विचारतं, खरंच आई काही कामाची नव्हती का. अँडरसनची स्वतःची आई धोबीण होती आणि बाप जोडे शिवायचा, ओडेन्स गावात, १८०५ चा जन्म त्याचा. मी वाचत होतो आणि आमच्या भांडीवाल्या मावशी मागच्या दारात भांडी घासत होत्या, डिसेंबरची सकाळ, पाणी बर्फासारखं, बोटं पांढरी पडलेली. पोरीनं त्यांच्याकडं बघितलं, मग मोरीच्या खिडकीकडं बघितलं. तिथं एक कप असतो, निळ्या फुलांचा, कान तुटलेला, आमच्या जुन्या सेटातला शेवटचा. तिनं विचारलं, काका, हा एकच कप इथं बाहेर का असतो?

मी काय सांगणार. आई म्हणाली, "तसाच आसतोय त्यो." खरं सांगायचं तर मला तो कप दिसतच नव्हता, चाळीस वर्षं घरात राहून. आणि आम्ही कोल्हापूरचे! गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात शाहू महाराज स्वतः जाऊन चहा प्यायचे, लोकांची शिवाशिव मोडावी म्हणून, ही गोष्ट आम्ही वहिनीला पहिल्याच भेटीत छाती फुगवून सांगितली होती, आणि खिडकीत कप. तीन दिवस त्यावर कुणी काही बोललं नाही. चौथ्या दिवशी आईनं मावशींना आमच्याच सेटातल्या कपात चहा दिला, न बोलता. मावशींनी कप हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला आणि विचारलं, "आणि माझा कुठं गेला ओ?" चाळिशीच्या बाईला तो कप आपला वाटत होता हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तेव्हा एक सूचना, असं काही बदलायचं असेल तर ज्याच्यासाठी बदलताय त्याला आधी विचारा, आम्ही विचारलं नाही. अजूनही मावशी खुर्चीवर बसत नाहीत, उंबऱ्यावर बसून चहा घेतात, गुडघ्याला बरं पडतं म्हणतात.

पुस्तकातले शब्दही पकडायचे. डेन्मार्कमध्ये यांटेचा नियम म्हणून एक प्रकार आहे, तो अक्सेल सांडेमोसे या लेखकाच्या १९३३ च्या कादंबरीतनं आला, यांटे हे त्यातलं बनवलेलं गाव. दहा नियम आहेत आणि सगळ्यांचा मतलब एकच, तू कुणी विशेष आहेस असं समजू नकोस. वहिनीनं सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे लई शाना झालायस काय, असंच की." बरोब्बर! आपल्याकडं पण आहे की हे, तुला काय शिंगं फुटल्यात काय, फार हवेत जाऊ नगंस. पण बघा हं, सांडेमोसेनं ते नियम चांगले म्हणून लिहिले नव्हते, गाव माणसाला कसं दाबतं हे दाखवायला लिहिले होते, आणि लोकांनी त्याचंच अर्धं कौतुक केलं. वहिनी म्हणते यातनंच आमच्याकडं मॅनेजर आणि शिपाई एका टेबलावर जेवतात, आणि यातनंच हुशार पोरगं वर्गात हात वर करायला लाजतं. माझा मुद्दा वेगळा होता. तिकडं हे वाक्य निदान सगळ्यांना सारखं ऐकवतात. आपल्याकडं आणखी एक वाक्य आहे, पायरी ओळखून राहा. ते वरून खालीच येतं, खालून वर कधी गेलेलं ऐकलंय का कुणी?

तू आणि तुम्हीचंही तसंच. डॅनिशमध्ये आता मास्तरलाही तू म्हणतात, सासऱ्यालाही तू. पोरीचं मराठी तोडकं, त्यामुळं ती सगळ्यांना तू म्हणते, आणि आमच्या घरमालकांना तू कुठं चाललास म्हणाली तेव्हा आम्हाला लपायला जागा नव्हती. पण एक दिवस मी वहीत लिहून काढलं की दिवसभरात मी तुम्ही कुणाला म्हटलं आणि तू कुणाला. पेपर टाकणारा, वयानं माझ्याएवढा, तू. बँकेतला चोवीस वर्षांचा पोरगा, तुम्ही. करून बघा हा प्रयोग, एक दिवस पुरतो, जास्त दिवस केला तर झोप येणार नाही.

वाचून झालं की पोरांना घेऊन बाहेर पडा, पुस्तक बरोबर असू दे. पेलेच्या शेवटच्या भागात तो जोड्यांचा सहकारी कारखाना काढतो, म्हणून आम्ही चप्पल लाइनीत गेलो, पोरीनं कापशी चप्पल घेतली आणि दुकानाच्या मागं बसून कातडं कापणाऱ्या माणसाशी तासभर बसली. २०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार, ते दुकानदारानं सांगितलं. कापणाऱ्याला एका जोडामागं काय मिळतं हे पोरीनं विचारलं, तेव्हा दुकानदार विषय बदलून चहा मागवायला लागला.

दुसरी फेरी दूध संस्थेत, मामाच्या गावात, पहाटे साडेपाचला. डेन्मार्कमधली पहिली सहकारी डेअरी १८८२ मध्ये येडिंग गावात निघाली, आणि तिकडच्या सहकारात एक म्हण आहे की मतं डोक्यांवर मोजायची, ढोरांवर नाही. म्हणजे एक गाय असो की शंभर, मत एकच. आपला गोकुळ दूध संघ १९६३ चा, आणि खाली गावोगाव संस्था, तिथंही सभासदाला एक मत. पोरगी रांगेत उभी राहून बघत होती, एक म्हातारी दीड लिटरची किटली घेऊन आणि तिच्या मागं बुलेटवर दोन कॅन लावून आलेला, दोघांचं दूध त्याच मशीनवर फॅटला लागतं. ते तिला फार आवडलं. मग तिनं विचारलं, म्हातारी सभासद आहे का? म्हातारी हसली, "सभासद आमचं मालक हुतं, आता ल्योक हाय." म्हणजे म्हशीचं शेण काढणारी, धार काढणारी ही, आणि डोकं मोजताना मोजलं जातं ते पोराचं. असले प्रश्न पुस्तकात नसतात, पण पुस्तक वाचून गेल्याशिवाय सुचतही नाहीत.

वारसा सांगताना दोन्ही बाजू काढायच्या, हे फार महत्त्वाचं. वहिनी ऑक्टोबर १९४३ ची गोष्ट सांगते, नाझी धरपकड करणार कळल्यावर सात हजारांवर ज्यू लोकांना काही आठवड्यांत मासेमारीच्या बोटींतनं स्वीडनला पोचवलं, अंगावर काटा येतो ऐकताना. आणि तीच पुढं सांगते की बऱ्याच बोटवाल्यांनी त्याचे पैसे घेतले, बक्कळ घेतले. आणि त्याच देशाची जहाजं आफ्रिकेतनं गुलाम घेऊन वेस्ट इंडीजला जात होती, तिथली गुलामगिरी संपली १८४८ मध्ये. आपल्याकडंही होते हे डॅनिश लोक, तमिळनाडूत तरंगंबाडीला १६२० पासून आणि बंगालमध्ये श्रीरामपूरला, १८४५ मध्ये दोन्ही इंग्रजांना विकून गेले. हे श्रीरामपूर लक्षात ठेवा. इंग्रज कंपनी मिशनऱ्यांना थारा देत नव्हती म्हणून विल्यम कॅरी डॅनिश हद्दीत राहिला, आणि तिथल्या छापखान्यातनं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापून निघालं, १८१० मध्ये कोश, तोही मोडीत! म्हणजे आपल्या भाषेची सुरुवातीची छापील पुस्तकं डॅनिश झेंड्याखाली निघालीत. हे मी जेवताना सांगितल्यावर वहिनीनं घास खाली ठेवला. दादा म्हणतो, तेव्हापासून ती मराठी शिकवणीचे पैसे परत मागतेय.

किरकोळ सूचना. एका वर्षी एकच जोडी. फोन दुसऱ्या खोलीत. लहान पोरं मध्येच उठून गेली तर जाऊ द्या, ऐकत असतात. पाहुणे आले तर त्यांनाही एक पान वाचायला लावा, निम्मे पाहुणे त्यानंच पळतात. आणि भांडण झालं तर होऊ दे, पण जेवायला सगळ्यांनी एकत्रच बसायचं.

यंदाचं पुस्तक आईनं निवडलंय, पहिल्यांदाच. हरिभाऊ आपट्यांचं, पण लक्षात कोण घेतो, एकशेतीस वर्षांपूर्वीचं, यमू विधवा होते आणि तिचं जबरदस्तीनं केशवपन करतात ते. मी म्हटलं एवढं जुनं कशाला, तर ती म्हणाली, "हेरवाडच्या ग्रामपंचायतीला २०२२ मध्ये ठराव करावा लागला, कुंकू पुसू नका म्हणून, मग जुनं कसलं?" हेरवाड आपल्याच शिरोळ तालुक्यातलं. वडील जाऊन आठ वर्षं झाली, संक्रांतीला घरात हळदीकुंकू असलं की आई आपणहून आतल्या खोलीत जाऊन बसते आणि आम्ही कुणी तिला बाहेर ये म्हटलेलं नाही, तिला आवडत नसेल असं धरून चाललो. करवीर नगर वाचन मंदिरातनं प्रत आणलीय, बाइंडिंग सुटलेली. आई म्हणाली हे मी वाचणार, तुम्ही सगळ्यांनी ऐकायचं, आणि चष्म्याचा नंबर तपासायला मला घेऊन गेली.